गेटवरचा निरोप आणि त्याआधीचे सहा आठवडे

बालवाडीच्या दारात मी बरीच वर्षं उभी राहिले आहे. पहिल्या आठवड्यात आई-बाबा मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "ताई, हा रडेल का हो?" बहुतेक रडेल. तीन वर्षांचं मूल आपल्या माणसाला सोडून अनोळखी खोलीत चाललेलं असतं, त्याला रडू येणारच. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे: आई "येते हं" म्हणून गेली की परत येते, यावर त्याचा भरवसा आहे का? आणि रडू आलं तर दुसऱ्या कुणाच्या मांडीवर ते शांत होऊ शकतं का?

हा भरवसा पहिल्या दिवशी गेटवर उभा करता येत नाही. तो आधीच्या काही आठवड्यांत, घरात, अगदी लहानसहान गोष्टींतून बसतो. म्हणून पुढे जे लिहिलं आहे त्यात मुलाने काय करायचं ते थोडं आहे आणि घरातल्या मोठ्यांनी काय करायचं ते पुष्कळ. मूल साधारण अडीच ते चार वर्षांचं आहे आणि पहिल्यांदाच शाळेत जाणार आहे, असं धरून लिहिते आहे.

सहा आठवडे आधी: वर्ग चालू असताना शाळा बघा

शाळा रिकामी असताना बघू नका. भिंतीवरची चित्रं आणि खेळणी सगळीकडेच छान दिसतात. मुलं आत असताना अर्धा तास एका कोपऱ्यात बसू द्या, अशी विनंती करा. बसलात की मोठ्यांकडे लक्ष ठेवा. मुलाशी बोलताना ताई खाली वाकतात का, गुडघ्यावर बसतात का? एखादं मूल रडायला लागलं तर त्याच्याकडे कोण जातं, किती वेळाने जातं, काय म्हणतं? "रडू नकोस, बघ बाकीचे हसतायत" असं ऐकू आलं तर मी तरी दुसरी शाळा शोधेन.

मग थेट प्रश्न विचारा. एका ताईकडे किती मुलं? स्वच्छतागृहात मुलांसोबत कोण जातं? मूल घ्यायला कोण येऊ शकतं आणि ओळख कशी पटवतात? आजारी पडलं तर कुणाला, किती वेळात कळवतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या दिवसांत आम्हाला वर्गात थांबता येईल का?

या शेवटच्या प्रश्नाचा विचार बर्लिनमध्ये फार बारकाईने झाला आहे. १९८०च्या दशकात तिथे मुलांना रुळवण्याची एक पद्धत तयार झाली आणि ती जर्मनीत सगळीकडे पसरली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गात थोडा वेळ बसतात. खेळवत नाहीत, ढकलत नाहीत, नुसते तिथे असतात. चौथ्या दिवशी मुलाचा निरोप घेऊन थोडा वेळ, फार तर अर्धा तास, खोलीबाहेर जातात. मूल ताईंकडून शांत झालं तर पुढच्या दिवसांत हा वेळ वाढवत नेतात. शांत झालं नाही तर लगेच परत येतात आणि आणखी काही दिवस सोबत बसतात. चौथा दिवस सोमवारी आला तर त्या दिवशी मुलाला सोडून जात नाहीत, कारण दोन सुट्ट्या घरी काढून आलेल्या मुलाला सोमवार तसाच जड जातो. हा बारकावा मला फार आवडतो. तो ठरवणाऱ्यांनी मुलांना नीट पाहिलं होतं.

तुमची शाळा पालकांना आत बसू देत नसेल तर निदान एवढं मागा: शाळा सुरू व्हायच्या आधी एक-दोनदा मुलाला वर्ग दाखवणं, ताईंशी ओळख आणि पहिला आठवडा कमी तासांचा. मागायला संकोच करू नका. पुष्कळ शाळा विचारल्यावर हो म्हणतात, आपणहून सांगत मात्र नाहीत.

झोपेचं घड्याळ हळूहळू सरकवा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी असं सांगितलं आहे. दुपारची झोप त्यातच धरायची. शाळा सकाळी असेल तर हिशेब उलटा करा: किती वाजता उठायचं, त्यावरून किती वाजता डोळा लागायला हवा. मग दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. आदल्या रात्री एकदम दोन तास लवकर झोपवायला गेलात तर मूल छताकडे बघत पडेल आणि तुम्ही चिडाल.

त्याच तत्त्वांत या वयासाठी स्क्रीनचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत ठेवायला सांगितलं आहे, कमी असेल तर उत्तमच. निदान सकाळी तयारी होताना फोन नको. हातातला फोन काढून घेऊन मुलाला गेटवर आणलं की एका दिवसात दोन वियोग होतात.

स्वतःचं स्वतः: शेवटची पायरी आधी शिकवा

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा त्यांच्या साहित्यात लाकडी चौकटी होत्या. एकीवर बटणं, दुसरीवर हूक, तिसरीवर नाड्या. बटण लावायला शिकणं हाच अभ्यास, असं त्या पेशाने डॉक्टर असलेल्या बाईंनी ठरवलं होतं. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी शाळेत येणाऱ्या मुलाकडून मला हेच हवं असतं.

डबा आणि बाटली उघडता येणं, बूट काढता-घालता येणं, पँट खाली-वर करता येणं, हात धुता येणं, नाक पुसता येणं आणि काय हवं ते कसंही का होईना सांगता येणं. यातलं निम्मं आलं तरी पुष्कळ झालं.

शिकवताना एक युक्ती करा. काम तुम्ही सुरू करा आणि शेवटचा टप्पा मुलाला द्या. पँट गुडघ्यापर्यंत तुम्ही चढवा, कमरेपर्यंत त्याने ओढायची. डब्याचं झाकण तुम्ही सैल करा, उचलायचं त्याने. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा करायला येतं. मग हळूहळू एकेक टप्पा मागे सरका. याला वेळ लागतो, म्हणून घाईच्या सकाळी सराव नको. संध्याकाळी करा, सुट्टीच्या दिवशी करा.

खरेदीही याच नजरेने करा. इलॅस्टिकची पँट घ्या. पट्टा, बक्कल, घट्ट बटण नको. बूट वेल्क्रोचे. डबा आणायच्या आधी दुकानातच मुलाच्या हातात देऊन उघडायला सांगा. चित्र आवडलं म्हणून घेतलेला, क्लिप घट्ट असलेला डबा वर्गात वीस मुलांच्या मधे उघडत नाही आणि मूल उपाशी घरी येतं. डब्यात घास छोटे असू द्या. गोल किंवा घसरणारं काही द्यायचं तर लांबीत चिरून द्या, कडक असेल ते शिजवून मऊ करा, या वयात घशात अडकण्याची भीती खरी असते.

आणि लिहिणं? अक्षरं गिरवून घेण्याचा दबाव घरांवर फार असतो, म्हणून एक गोष्ट सांगते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून हाडाची होत जातात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास त्यांतली दोन-तीनच एक्स-रेमध्ये हाडासारखी दिसतात. अशा हाताला पाटीवर तासभर बसवू नका. त्याला माती, पाणी, कणकेचा गोळा, फाडायला जुने कागद, चिमटे आणि झाकणं द्या. पेन्सिल धरायची ताकद तिथूनच येते.

शी-शूचं मोकळेपणाने बोलू या

पालक या विषयावर दबक्या आवाजात बोलतात. मला वाटतं, पहिल्या महिन्यातला मुलांचा निम्मा ताण इथलाच असतो.

डायपर सुटलेला असेल तर उत्तम. सुटायच्या बेतात असेल, म्हणजे मूल दीड-दोन तास कोरडं राहत असेल आणि ओलं झालेलं त्याला कळत असेल, तर सहा आठवडे हा बरा काळ आहे. शाळेच्या आदल्या आठवड्यात मात्र घाईने सुरू करू नका. दोन मोठे बदल एकाच वेळी अंगावर येतात आणि दोन्ही फिसकटतात. सुटलेला नसेल तर शाळेला खरं सांगा.

घराबाहेरच्या स्वच्छतागृहाची सवय आधीच करा. नातेवाइकांकडे, दवाखान्यात, बागेत, जिथे संधी मिळेल तिथे. मुलं अनेकदा फ्लशच्या आवाजाला घाबरतात, दाराच्या कडीला घाबरतात, भांड्याच्या उंचीला घाबरतात. शाळेत गेलात तेव्हा त्याला तिथे नेऊन पाणी सोडून दाखवा. घरात जो शब्द वापरता तो ताईंना सांगा. प्रत्येक घराचा खास शब्द असतो, तो ताईंना माहीत नसेल तर मूल सांगत राहतं आणि कुणाला कळत नाही.

एका गोष्टीवर नजर ठेवा. काही मुलं शाळेत शी दाबून धरतात. दोन-चार दिवस दाबली की ती कडक होते, दुखते. दुखते म्हणून मूल आणखी दाबतं आणि मग कधीकधी चड्डीला डाग पडायला लागतात. पालकांना वाटतं ते मुद्दाम करतंय. ते मुद्दाम नसतं, बद्धकोष्ठता असते आणि डॉक्टरांच्या उपचारांनी आवरते. घरून निघायच्या आधी, खाऊन झाल्यावर, रोज दहा मिनिटं निवांत बसायची सवय लावली तर पुष्कळदा हा प्रश्न उभाच राहत नाही. खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, ती वेळ साधायची.

शाळा सुरू झाल्यावर कोरडं राहणारं मूल पुन्हा ओलं करायला लागलं तर रागावू नका. दप्तरात कपड्यांचे दोन जोड आणि एक पिशवी ठेवा, बाकी काळाने होतं.

निरोपाचा सराव

आता सगळ्यात महत्त्वाचं. मूल खेळण्यात गुंतलं की डोळा चुकवून सटकायचं, ही सवय फार घरांत असते. त्या क्षणी रड टळते खरी. पण मुलाने मान वर केली तेव्हा आई नव्हती. त्यातून ते एवढंच शिकतं की नजर हलली की माणूस नाहीसा होतो. मग ते खेळायचंच सोडून देतं आणि पदर धरून बसतं. मी वर्गात ही मुलं लगेच ओळखते. ती दाराकडे पाठ करून बसत नाहीत.

म्हणून आजपासून, दहा मिनिटांसाठी बाहेर जायचं असलं तरी सांगून जा. निरोपाचा एक ठरलेला क्रम बनवा: एक मिठी, एक ठरलेलं वाक्य, हात हलवणं, निघणं. सगळं मिळून अर्धा-एक मिनिट. वाक्य रोज तेच. "मी जाते, आणि नक्की परत येते" इतकं साधंही चालेल.

मुलाला मागे ठेवण्याचा सराव पायरीने करा. आधी आजी-आजोबा किंवा मावशीकडे, मुलाच्या ओळखीच्या घरात, अर्धा तास. मग तासभर. मग दोन तास आणि शक्य असेल तर त्यांच्या घरी. परत आल्यावर नुसतं "आले बघ" म्हणू नका. "मी म्हटलं होतं ना, खाऊ झाल्यावर येईन, आले" असं सांगा. मुलाच्या मनात शब्द आणि घटना यांची गाठ तिथे बसते.

वेळ सांगताना घड्याळ वापरू नका. या वयाच्या मुलाला "साडेबारा" म्हणजे काहीच कळत नाही. "लवकर येते" तर त्याहून वाईट, कारण त्याला पाच मिनिटंसुद्धा लवकर वाटत नाहीत. क्रम सांगा: "आधी गाणी, मग डबा, मग गोष्ट, आणि गोष्ट संपली की मी दारात." शाळेचं वेळापत्रक ताईंकडून घेऊन हा क्रम घरी बाहुल्यांसोबत खेळा. बाहुलीला शाळेत सोडा, बाहुली रडेल, बाहुलीची आई येईल. कधी मुलाला आई होऊ द्या, तुम्ही रडणारं मूल व्हा. त्याच्या मनात काय चाललंय ते या खेळात तुम्हाला ऐकू येईल.

बोलताना दोन गोष्टी टाळा. एक, शाळेचा बागुलबुवा. "जेवत नाहीस ना, थांब, शाळेत ताईंना सांगते" हे वाक्य घरात कुणीही, अगदी गंमतीतही म्हणायचं नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवा. ज्या बाईच्या मांडीवर त्याने शांत व्हायचं आहे, तिलाच तुम्ही राक्षसीण करता. दोन, अति साखर. "खूप खूप मज्जा येणार" ऐकून आलेल्या मुलाला रडू आलं की आपलंच काही चुकलं असं वाटतं. "कधी मजा येईल, कधी माझी आठवण येईल, आठवण आली की ताईंना सांग, त्या जवळ घेतील" हे खरं आहे आणि खरं पुरतं.

ताईंसाठी एक पान

पहिल्या दिवसाआधी एक पान लिहून द्या. घरातलं लाडाचं नाव, झोप आली की काय करतो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, शी-शूचे शब्द, घरात कोणकोण आहे, अ‍ॅलर्जी आणि औषधं, संपर्काचे दोन तरी क्रमांक. घरात नवं बाळ आलं असेल, कुणी आजारी असेल, कुणी गेलं असेल तर तेही. घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असेल तर "पाणी", "आई", "दुखतंय", "नको" असे दहा-बारा शब्द तुमच्या भाषेत लिहून द्या. पहिल्या दिवशी त्यातला एक शब्द ताईंच्या तोंडून ऐकला की मुलाचा चेहरा बदलतो, हे मी कितीदा पाहिलं आहे.

एखादी जुनी गोधडी, कापडी ससा, आईची ओढणी असं काही मूल जवळ घेऊन झोपत असेल तर शाळा ते आणू देते का विचारा. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली अशा वस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. आई जवळ नसतानाचा काळ मूल त्या वस्तूच्या आधाराने पार करतं, असं त्यांचं म्हणणं. ती धुवू नका, तिचा वासच मुलाला हवा असतो. मोठं झालास आता, सोड ते, असंही नको.

पहिला दिवस

घाई टाळा, एवढं एक पाळलं तरी बरंच होतं. अर्धा तास लवकर उठा. सोडायला एकच माणूस येऊ दे, शक्यतो जो निरोपाच्या वेळी स्वतः डगमगत नाही. आई रडवेली होत असेल तर पहिले दिवस बाबांनी किंवा आजोबांनी सोडावं, त्यात कमीपणा काही नाही. फोटो घरीच काढून घ्या.

गेटवर मुलाला ताईंच्या हातात द्या. हिसकावून घेऊ देऊ नका, तुम्ही द्या. तुम्ही आपल्या हाताने दिलंत, म्हणजे ही बाई भरवशाची आहे हे मुलाला तुमच्याकडून कळतं. मग तो ठरलेला क्रम: मिठी, वाक्य, हात, निघणं. ते रडत असलं तरी निघा. पुन्हा वळून आत येऊ नका, खिडकीतून डोकावू नका. तुमचं डोकं खिडकीत दिसलं की शांत होत आलेलं मूल नव्याने भोकाड पसरतं. अर्ध्या तासाने शाळेला फोन करा. ताईंनी खरं सांगायला हवं आणि तुम्ही ते विचारायला हवं.

न्यायला मात्र पाच मिनिटं आधी पोहोचा, निदान पहिले तीन आठवडे. बाकीची मुलं गेली, आपलं कुणी आलं नाही, ती दहा मिनिटं मुलाच्या लक्षात राहतात.

दुसरा आठवडा आणि घरचा कल्ला

पहिला आठवडा हसत जाणारी काही मुलं दुसऱ्या आठवड्यात रडायला लागतात. तोवर नवलाई सरलेली असते आणि हे रोजचंच आहे हे त्यांना कळलेलं असतं. पालक घाबरून विचारतात, शाळेत कुणी मारलं का? विचारणं योग्यच आहे, ताईंशी बोला. पण बहुतेक वेळा कारण हे एवढंच असतं.

दुसरा धक्का घरी बसतो. शाळेत शहाण्यासारखं वागलेलं मूल घरी पाऊल टाकताच मोज्यावरून, पेल्याच्या रंगावरून आकांत करतं. वर्गात ते तीन-चार तास स्वतःला आवरून धरतं, थांबतं, वाटून घेतं. तुमच्याजवळ आलं की ते आवरणं सुटतं. त्या तासाभरात काही विचारू नका, काही शिकवू नका. पाणी, काहीतरी खायला, मांडी आणि शांतता. पहिल्या महिन्यात शाळेनंतर दुसरा क्लास किंवा पाहुणे ठेवू नका.

"आज काय केलंस?" याचं उत्तर "काही नाही" असंच येतं. प्रश्न फार मोठा असतो. झोपताना विचारा, "आज कोण तुझ्या शेजारी बसलं होतं?", "कुणी रडलं का?" आधी तुमच्या दिवसातलं काही सांगा, मग ते सांगेल.

"हा कुणाशी खेळतच नाही" ही तक्रारही याच सुमारास येते. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. एकट्याने खेळणं, बाजूला उभं राहून बघणं, शेजारी बसून पण आपापलं खेळणं आणि मग एकमेकांत मिसळणं, असे प्रकार त्यांनी मांडले. बघणं हाही त्यातला एक प्रकार आहे. तीन आठवडे नुसतं बघणारं मूल चौथ्या आठवड्यात सगळी गाणी म्हणतं, तेव्हा ते काय करत होतं ते कळतं.

सर्दी, ताप आणि घरी ठेवायचे दिवस

या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, आणि नव्याने शाळेत जाणाऱ्या मुलाला त्याहून जास्त वेळाही होते. नोकरी करणाऱ्या पालकांनी रजा आणि पर्यायी माणूस याची तजवीज आधीच करून ठेवावी. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच पाठवा. उलटी-जुलाब थांबून ४८ तास होऊ द्या. साधं नाक वाहत असेल आणि मूल खेळतं असेल तर बहुतेक शाळा घेतात. साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवायची सवय घरी लावा. लसीकरणाची नोंद शाळेआधी डॉक्टरांना एकदा दाखवा.

काळजी कधी करायची

बहुतेक मुलं काही आठवड्यांत रुळतात. पण पाच-सहा आठवडे रोज आलं तरी मूल बहुतेक वेळ रडत असेल, काही खात-पीत नसेल, झोपेत दचकत असेल, तर ताईंसोबत बसून वेळापत्रक बदला: तास कमी करा, एखादा दिवस वगळा, पुन्हा काही दिवस सोबत बसा. वर्षभर थांबण्याचा निर्णयही घेता येतो.

मूल घरी भरभरून बोलतं आणि शाळेत अवाक्षर काढत नाही, असं पहिला महिना उलटल्यावरही चालू असेल तर त्याला लाजाळू म्हणून सोडून देऊ नका. बोलतं करायला बक्षीस, दरडावणी, सगळ्यांसमोर उभं करणं नको. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील त्या वाचा-भाषा तज्ज्ञांकडे किंवा बालमानसतज्ज्ञांकडे लवकर जा. तोवर ताईंना सांगा की मान डोलावणं, बोट दाखवणं, चित्राचं कार्ड पुढे करणं हेही उत्तर म्हणून घ्यावं. आणि शू आली हे सांगण्यासाठी एक कार्ड पहिल्याच दिवशी त्याच्या खिशात द्या.